खांबेट्यांचा सहवासांक

छत्तीस वर्षांच्या संसाराला शंभरपैकी तेवीस गुण मिळाले, तेव्हा पुरुषोत्तम खांबेट्यांनी सर्वांत आधी यंत्राकडे बोट दाखवलं.

"हे बिघडलंय. दुसरं आणा."

"सर, हे दुसरंच आहे," पारसनीस म्हणाला. "पहिल्यावर एकोणीस आले होते."

'अभयश्वास' विमा कंपनीच्या सांगली शाखेतला हा पारसनीस म्हणजे पन्नाशीचा, टाय लावलेला माणूस. वाईट बातमी देताना त्याच्या तोंडावर एक तुपकट हसू पसरायचं. तसं हसायला कंपनीनं आपल्याला पुण्यात चार दिवस शिकवलं, हे तो अभिमानानं सांगायचा. ते हसू ओल्या फडक्यानं पुसून काढावं असं विभावरीला वाटत होतं. शेजारच्या खुर्चीत, तिचा पदरसुद्धा लागू नये अशा बेतानं अंग चोरून बसलेल्या नवऱ्याबद्दल तिला याहून बरं काही वाटत होतं अशातला भाग नाही.

पण चिडून चालणार नव्हतं. तिकडे सेलोरात, त्या बेटांच्या देशात, तिची मुलगी अनघा बंदरावर इंजिनीयर होती, एकटी राहत होती, आणि तिच्या मणक्यात गाठ निघाली होती. गाठ नसेवर दाबत होती. एकोणीस मार्चला ऑपरेशन ठरलं होतं. साथीमुळे तिथल्या इस्पितळांनी नियम केला होता की रक्ताच्या नात्यातलं कुणी तरी सोबत असल्याशिवाय रोग्याला भूल द्यायची नाही. तारीख हुकली तर पुढची जूनमध्ये, आणि तोवर डावा पाय कायमचा जाईल, असं सर्जननं स्वच्छ सांगितलं होतं. आज अठरा फेब्रुवारी होती.

खांबेटे पतिपत्नींकडे सेलोराचा दहा वर्षांचा दीर्घ मुदतीचा व्हिसा होता. त्याची अट एवढीच की वर्षातून एकदा तरी तिथे पाऊल ठेवायचं. 'कोरडा ताप' माणसांतून जनावरांत आणि जनावरांतून माणसांत ये-जा करू लागला, तशी सेलोरानं दुसरी अट घातली. आठवड्याभरासाठी येणाऱ्या पर्यटकांना त्यांनी सोडून दिलं, कारण त्यांच्या पैशावर हॉटेलं चालतात. दीर्घ मुदतवाल्यांना मात्र पर्यटक म्हणून येता येत नव्हतं; त्यांना विमा हवाच, आणि तो घरातून निघाल्यापासून परत घरी येईपर्यंत एक मिनिटही न तुटणारा हवा. साठीच्या पुढच्या एकट्या माणसाला असा विमा जगातली एकही कंपनी विकत नव्हती. साठीच्या पुढे विमा मिळायचा तो फक्त कुटुंबाला.

आणि कुटुंब कशाला म्हणायचं, ते आता यंत्र ठरवत होतं.

यंत्र इडलीपात्राएवढं होतं. त्याच्यात लाळ आणि शौचाचा इवलासा नमुना घातला की चाळीस मिनिटांत आकडा यायचा. विभावरीनं मिरजेच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केली होती. तिला पारसनीसच्या व्याख्यानाची गरज नव्हती, तरी त्यानं ते दिलंच. माणसाच्या तोंडात आणि आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात. त्यांच्या जाती सगळ्यांकडे जवळपास सारख्याच, पण एकेका जातीत शेकडो पोटभेद असतात, आणि ते घराघरातले वेगळे. एका घरात राहणारी, एका भांड्यातलं खाणारी, एकमेकांच्या अंगावर शिंकणारी माणसं या पोटभेदांची नकळत देवाणघेवाण करत असतात. दोन माणसांचे पोटभेद जनुकांच्या पातळीवर ताडून पाहिले की ती किती जवळ राहतात ते कळतं. त्या आकड्याचं नाव सहवासांक.

विमा कंपन्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला. जिवाणू ज्या वाटेनं जातात त्याच वाटेनं कोरडा तापही जातो. तेव्हा ज्यांचे जिवाणू एक, त्यांचा धोका एक, आणि ज्यांचा धोका एक ते कुटुंब. लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, मंगळसूत्र यांतलं काहीही आता ग्राह्य नव्हतं. साठच्या वर अंक आला तर कुटुंब, खाली आला तर दोन परकी माणसं.

"तेवीस म्हणजे साधारण किती?" विभावरीनं विचारलं.

"बसस्टॉपवर रोज भेटणाऱ्या दोन अनोळखी लोकांचा अठरा येतो, मॅडम," पारसनीस म्हणाला. "तुम्ही त्यांच्या पाचनं पुढे आहात."

यात यंत्राचा काही दोष नव्हता. खांबेटे सर अकरा वर्षांपूर्वी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. शाळेत ते शास्त्र शिकवायचे, आणि सूक्ष्मजीवांचा धडा तर त्यांच्या खास आवडीचा. निरोप समारंभाची शाल घरी आणून त्यांनी कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून कडक सोवळं पाळायला सुरुवात केली. त्यांच्या वडिलांनीही कधी इतकं पाळलं नव्हतं. जेवायची खोली वेगळी, पाण्याचा तांब्या वेगळा, झोपायची खोली तर केव्हाच वेगळी. जेवण होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. स्वयंपाक मात्र विभावरीनंच करायचा, तोही पहाटे आंघोळ करून, ओल्या लुगड्यात. पाळणार हे, आणि कुडकुडणार ती. वर दिवसातून पाच वेळा जंतुनाशकानं चुळा. माणूस शाळेत काय शिकवतो आणि घरी काय करतो याचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा, असं सरांना कधीच वाटलं नव्हतं.

"एक चांगली बातमी आहे, मॅडम," पारसनीस पडद्यावर पुढे सरकत म्हणाला. गेल्या वर्षी प्रत्येक माणसाचा आणि जनावराचा नमुना सरकारी साठ्यात जमा झाला होता, आणि यंत्र तिथेही शोधून आलं होतं. "सरांना कुणीच जवळचं नाही. पण तुमचा एक नमुना चौऱ्याऐंशी जुळतोय. शालन बनसोडे, वय त्रेसष्ट. त्यांच्याबरोबर तुम्ही आजच्या आज कुटुंब होऊ शकता. विमा झाला की प्रवास एकट्यानं केला तरी चालतो."

सरांची मान सावकाश वळली.

"बनसोडे? ती तुमच्या प्रयोगशाळेतली? बाटल्या धुणारी?"

"हो," विभावरी म्हणाली. "तीच."

सव्वीस वर्षं त्या दोघी दुपारी एका डब्यातलं जेवल्या होत्या. निवृत्तीनंतरही त्यात खंड पडला नाही. शालन दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहायची. सरांचं ताट वाढून झालं की विभावरी "वाचनालयात जाऊन येते" म्हणून निघायची आणि शालनच्या स्वयंपाकघरात भाकरी कुस्करायची. अकरा वर्षांत नवऱ्यानं तिला कुठलं पुस्तक आणलंस, असं एकदाही विचारलं नव्हतं.

"त्यांच्यात जेवतेस तू?" सर म्हणाले. आवाज त्यांनी खाली आणला होता, पारसनीससमोर शोभा नको म्हणून. "आणि मग घरी येऊन माझ्या स्वयंपाकाला हात लावतेस?"

"पहाटे आंघोळ करून लावते," विभावरी म्हणाली. "ओलेत्यानं."

शालनबरोबर कुटुंब होण्यात मेख होती, आणि ती पारसनीसनं हसत हसतच सांगितली. साथ-कायद्यानं एका कुटुंबाचा पत्ता एकच. नोंदणी वर्षभर बदलता येत नाही. परतल्यावर विभावरीला शालनच्याच घरी राहावं लागेल, आणि नवऱ्याच्या घरी ती दिवसा दोन तास जाऊ शकेल, बाहेरची व्यक्ती म्हणून. सर एकटे उरतील, म्हणजे विमा नाही, म्हणजे व्हिसा गेला. छत्तीस वर्षांचं घर असं एका फॉर्मवर सोडायचं, हे विभावरीला त्या दिवशी जमलं नाही. तिला स्वतःचाच राग आला, पण जमलं नाही.

"दुसरा मार्ग?" तिनं विचारलं.

दुसरा मार्ग म्हणजे कंपनीचा 'एकवीस दिवस सहवास कार्यक्रम'. एका खोलीत झोपायचं आणि एका ताटात जेवायचं. पोटभेद एकीकडून दुसरीकडे गेले की अंक चढतो.

"ठीक आहे," सर म्हणाले. "ही माझ्या ताटात जेवेल. बायकोनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवावं ही आपली रीतच आहे."

"उलट, सर." पारसनीसचं हसू आणखी रुंद झालं. "मॅडमच्या पोटातली वस्ती भरगच्च आहे, तिथे नवीन कुणाला शिरायला जागा नाही. तुमच्याकडे चुळांमुळे सगळं ओसाड पडलंय. तेव्हा मॅडमनी आधी जेवायचं, आणि त्यांचं उष्टं तुम्ही खायचं."

सरांनी घरी पोचल्यावर डोक्यावरून आंघोळ केली. दोनदा.

त्याच दिवशी अनघाचा फोन आला. ती आईसमोर हसून बोलायची, पण आज मधेच थांबली. "आई, डाव्या पायाचा अंगठा आता कळतच नाहीये गं. चप्पल पायात आहे की नाही हे खाली बघावं लागतं."

"मी येते," विभावरी म्हणाली. "तू फक्त तारीख सांभाळ."

तिनं फोन नवऱ्याकडे दिला. सरांनी तो दोन बोटांत धरून मुलीला सांगितलं की व्हिसासाठी यंदा तिथे पाऊल ठेवायची मुदत एकवीस मार्च आहे, दूतावासाला एक मेल टाकून ठेव.

दुसऱ्या दिवशी शालनला सगळं सांगितल्यावर ती आधी पोट धरून हसली.

"चौऱ्याऐंशी? अवो बाई, मला शाळेत कंदी चाळिसाच्या वर पडलं न्हाईत! फ्रेम करून लावूया की." मग तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि हसू आवरलं. "मग करूया की आपन कुटुंब. मलाबी एकटीला कोन इमा देत न्हाई. येवढा इचार कसला करतायसा?"

"पत्ता बदलतो, शालन. नवरा सोडल्यासारखंच होतं."

"त्यानं तुमाला धरलंय कुटं, सोडायला?"

विभावरीनं ताट पुढे ओढलं. "एकवीस दिवस बघते," ती म्हणाली. "बापच आहे तो. पोरीसाठी करेल."

"बगा," शालन म्हणाली. "मी हितंच हाय."

आणि सरांनी केलं! विभावरीला खरोखर आश्चर्य वाटलं. दुपारी ती आधी जेवायची, भाताचे चार घास मुद्दाम चिवडून ठेवायची, आणि सर समोर बसून, डोळे मिटून, औषध घ्यावं तसं ते उष्टं गिळायचे. खिडक्या लावून घ्यायचे, शेजारच्यांना दिसू नये म्हणून. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ तिला घातली होती. चुळा बंद केल्या. रात्री तिच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. सातव्या दिवशी त्यांनी भाजीला मीठ कमी आहे म्हटलं, तेव्हा विभावरीला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिच्या समोर बसून त्यांनी जेवणाबद्दल काही बोलावं, हे विसरायलाच झालं होतं. आपला नवरा अगदीच वाया गेलेला नाही, अशी एक वेडी आशा तिच्या मनात उगवली. ती आशा आठवली की पुढे तिला स्वतःचीच कीव यायची.

सकाळी मात्र ते रोज फिरायला जायचे, हरिपूरच्या रस्त्यानं, आणि तासाभरानं प्रसन्न चेहऱ्यानं परतायचे. वयोमानानं चालणं चांगलं, म्हणून तिनंही कधी विचारलं नाही.

बारा मार्चला दुपारी साडेतीनला दोघं पुन्हा पारसनीससमोर बसली. विमान चौदाला होतं. नोंदणीची खिडकी आजच संध्याकाळी सहाला बंद होणार होती.

चाळीस मिनिटांनी पारसनीसनं पडदा पाहिला, चष्मा पुसला आणि परत पाहिला. पुण्यात शिकवलेलं हसू पहिल्यांदाच त्याला सापडेना.

"मॅडमशी सरांचा अंक एकतीस," तो म्हणाला. "पण सरांना आता जवळचा नमुना मिळालाय. सहासष्ट. साठच्या वर आहे."

"कोण?" विभावरीनं विचारलं.

"गौरी. वय पाच वर्षं. खिलार." त्यानं घसा साफ केला. "गाय आहे. हरिपूरच्या गोठ्यातली."

विभावरीनं नवऱ्याकडे पाहिलं. सर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

"अहो," ती म्हणाली, "रोज सकाळी काय घेत होतात तुम्ही?"

"पंचगव्य," सर पुटपुटले. मग मान ताठ केली. "प्रायश्चित्त नको का? रोज उष्टं खायचं, तेही कुणाकुणाबरोबर जेवून आलेल्या बाईचं! मी ताजं घेत होतो, गोठ्यात जाऊन, पाचही पदार्थ. शुद्धी झाल्याशिवाय माझ्या गळ्याखाली घास उतरला नसता."

एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या विभावरीला बाकीचं कुणी सांगायची गरज नव्हती. ओसाड पडलेल्या आतड्यात आदल्या दुपारी तिच्या चार घासांतले जिवाणू पोचायचे. ते जरा कुठे स्थिरावतात तोच सकाळी वाटीभर ताजं शेण आणि गोमूत्र वरून यायचं, गाईच्या पोटातली अख्खी वसाहत घेऊन. एकवीस दिवस नेमानं. शास्त्राच्या मास्तरनं सूक्ष्मजीवांचा आपला आवडता धडा स्वतःच्याच पोटात गिरवला होता, आणि त्यातही नापास झाला होता. मूर्खपणाचा राग येतो, पण या मूर्खपणामागे जी किळस होती, तिची किळस, तिच्या हातच्या भाताची, तिच्या मैत्रिणीची, तिच्यासमोर राग फार लहान वाटला.

पारसनीस दरम्यान नियमावली चाळत होता. कंपनीत माणसं विचार करत नाहीत, नियमावली चाळतात. "तांत्रिकदृष्ट्या सर पात्र आहेत," तो म्हणाला. "कुटुंब सदस्य मनुष्यच असावा असं कुठे लिहिलेलं नाही. फक्त..." त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "अर्जावर गाईचा अंगठा कसा उठवायचा?"

विभावरी उठली. हसावं की त्याच्या टायला धरून गदागदा हलवावं, हे तिला ठरवता येईना. "मला तो फॉर्म द्या," ती म्हणाली. "बनसोड्यांचा."

फॉर्म असलेला कंपनीचा टॅब्लेट घेऊन ती शालनकडे गेली आणि अर्ध्या तासात परत निघाली. शालननं काही न विचारता टॅब्लेटवर अंगठा उठवून दिला आणि एवढंच म्हणाली, "पासपोर्ट घिऊन या. उद्याच्याला हितनंच निगा."

पासपोर्ट घरी होता. साडेपाच वाजले होते. सर सोफ्यावर बसले होते, आणि तिला पाहताच उठून उभे राहिले. बायकोसाठी ते बहुधा पहिल्यांदाच उठले असावेत.

"अगं, ऐक. मी विचार केलाय. पंचगव्य बंद. आणखी एकवीस दिवस करू. खिडक्या उघड्या टाकून जेवतो, मग तर झालं?"

"एकवीस दिवस नाहीत."

"कंपनीला अर्ज करू. दूतावासाला करू. असं एकदम टोकाचं वागून चालतं का? व्हिसाची मुदत एकवीस तारखेला संपते. दहा वर्षांचा व्हिसा आहे, गंमत नाही. अख्ख्या कॉलनीत फक्त आपल्याकडे आहे. एकदा गेला की या जन्मात परत मिळायचा नाही."

विभावरीनं कपाटातून पासपोर्ट काढला. टॅब्लेट हातातच होता. तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या कपाळावर खरोखरची काळजी होती, डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. हा माणूस घाबरला होता, आणि एखादा शब्द बरा बोलला असता तर कदाचित ती पाच मिनिटं खाली बसली असती.

"आणि अनघा?" तिनं विचारलं.

"अनघाचं काय?" सर वैतागून म्हणाले. "ती आहेच की तिथे. प्रश्न आपल्या व्हिसाचा आहे!"

विभावरीला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आलं नाही. उलट डोकं एकदम स्वच्छ झालं. तिनं टॅब्लेट उघडला.

"थांब, थांब," सर पुढे आले. हात लांब केला आणि तिला शिवायच्या आत सवयीनं आखडून घेतला. "माझी सही लागेल की नाही? नवऱ्याच्या सहीशिवाय असं कुणाच्याही घरात जाऊन राहता येत नसतं."

तिनं फॉर्म वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवून त्यांना दाखवला. दोन नावं, दोन वयं, सहवासांक, पत्ता, दोन अंगठे.

"तशी जागाच नाही यात," ती म्हणाली, आणि अंगठा टेकवला.